आजोबांच्या पेटीतल्या तबकड्या : प्रेसिंग कोणतं आणि कधीचं, हे कसं ओळखायचं?

मिरजेची_मुक्ता

नमस्कार मंडळी. मिरजेचं आमचं जुनं घर रिकामं करतोय. माळ्यावर पत्र्याची पेटी सापडली. आत ४१ रेकॉर्ड, बहुतेक लाखेच्या, सातआठ नंतरच्या, जास्त वेळ वाजणाऱ्या एलपी. आजोबांना गाण्याचं वेड होतं एवढं माहीत होतं, पण ही पेटी आईनेसुद्धा तीस वर्षांत उघडलेली नव्हती.

एक जुन्या वस्तूंचा व्यापारी येऊन गेला. वरवर चाळून म्हणाला, "सगळा साठ सालचा माल आहे, एकगठ्ठा देऊन टाका." त्याने एकही रेकॉर्ड पाकिटातून पूर्ण बाहेर काढली नाही, म्हणून मला शंका आली.

मला पडलेले प्रश्न असे:

एका तबकडीला मागच्या बाजूला गाणंच नाही. तिथे नुसतं एक पंखवालं मूल बसलेलं कोरलंय. तिला कडेला तडा गेलाय.

बालगंधर्वांच्या एकाच पदाच्या दोन रेकॉर्ड आहेत. लेबलावरचा नंबरही एकच. एक पार झिजलेली, दुसरी चकचकीत. दोन्ही ठेवायच्या की एकच?

अब्दुल करीम खाँसाहेबांची ओडियन कंपनीची एक ७८, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांची लाखेची तबकडी आहे, भैरवीतली ठुमरी. तीच ठुमरी पेटीतल्या एका एलपीवरही आहे. यातली अस्सल कोणती म्हणायची?

मला यातलं काहीच कळत नाही. पण आजोबांनी चार घरं बदलताना ही पेटी प्रत्येक वेळी सोबत नेली होती, त्यामुळे न बघता देऊन टाकणं माझ्या मनाला पटत नाही.

पेठेतली_प्राजक्ता

मुक्ता, देऊ नकोस! बाकी जाणकार सांगतीलच. आप्पा, इकडे या.

चावीवाले_आप्पा

मुक्ताताई, आधी दोन कामं करा, मग बाकीचं बोलू. तबकड्या आडव्या थप्पीत असतील तर उभ्या करून ठेवा, पुस्तकं कपाटात ठेवतो तशा. थप्पीतल्या खालच्या तबकडीवर सगळ्यांचं वजन येतं आणि लाख ठिसूळ असते. आणि कोणी कितीही सांगितलं तरी स्पिरिटने पुसू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. कोमट पाण्यात सौम्य साबणाचा एक थेंब टाका, मऊ फडकं वर्तुळात फिरवा, लेबल कोरडं ठेवा आणि लगेच टिपून घ्या. बुरशी असेल तर आधी कोरड्या मऊ ब्रशने घराबाहेर झटका.

आता ओळखण्याबद्दल. या छंदात माझी चाळीस वर्षं गेली, त्यातून एक गोष्ट पक्की शिकलो. रेकॉर्डला तीन तारखा असतात. गाणं कधी गायलं, ते बाजारात प्रथम कधी आलं, आणि तुमच्या हातातली ही प्रत कारखान्यात कधी दाबली गेली. लोक या तिन्ही एक समजतात. नारायणरावांची, म्हणजे बालगंधर्वांची पदं वर्षानुवर्षं विकली जात होती. मागणी आली की कंपनी पुन्हा दाबून द्यायची. त्यामुळे गाणं पहिल्या महायुद्धाच्या आसपासचं आणि प्रत स्वातंत्र्यानंतरची असं सर्रास होतं. गाण्याचं नाव, गायकाचं नाव आणि कॅटलॉग नंबर यांवरून पहिल्या दोन तारखांचा माग लागतो. तिसरी तारीख लेबलाची छपाई आणि लेबलाभोवतीची कोरी पट्टी सांगते.

तुमची पंख असलेल्या मुलाची तबकडी मला सगळ्यात आधी बघायची आहे. ते मूल म्हणजे ग्रामोफोन कंपनीचा 'लिहिणारा देवदूत', हातात पिसाची लेखणी असते. एकाच बाजूला गाणं आणि मागे देवदूत म्हणजे अगदी सुरुवातीचा काळ. समोरच्या लेबलावरची बारीकातली बारीक अक्षरं वाचून इथे लिहा. कंपनीचं पूर्ण नाव, आणि कुठल्या गावाचं नाव दिसतंय का, ते.

मिरजेची_मुक्ता

आप्पा, भिंग घेऊन वाचलं. वर 'ग्रामोफोन कॉन्सर्ट' आहे. कडेने 'द ग्रामोफोन अँड टाइपरायटर लिमिटेड', पुढे 'सिस्टर कंपनीज' असं काही. खाली 'रिप्रोड्यूस्ड इन हॅनोवर'. गाणाऱ्या बाईंचं नाव पुसट झालंय, 'बाई' एवढंच लागतं. मापलं तर दहा इंच.

चावीवाले_आप्पा

हात जपून, ताई. ही १९०७ किंवा त्याआधीची आहे.

कसं ते सांगतो. कंपनीच्या नावात 'टाइपरायटर' हा शब्द १९०० च्या अखेरीस आला, कारण गाण्याच्या धंद्यावर पूर्ण विसंबायला नको म्हणून त्यांनी टंकलेखन यंत्रंही विकायला घेतली होती. १९०७ साली तो शब्द गेला. 'कॉन्सर्ट' म्हणजे दहा इंची, बारा इंची असती तर 'मोनार्क' लिहिलेलं असतं. आणि हॅनोवर जर्मनीतलं. तेव्हा भारतात दाबण्याचा कारखानाच नव्हता. १९०२ च्या अखेरीस कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात उतरला, हॉटेलात यंत्र मांडून गायिका गौहरजान आणि इतरांची गाणी त्याने घेतली. त्यानंतरच्या दौऱ्यांतही मेणावर उठवलेलं ध्वनिमुद्रण बोटीने जर्मनीला जायचं आणि तयार तबकड्या बोटीने परत यायच्या. कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला १९०८ साली, दमदमला गेला १९२८ साली. दमदम हे नाव तुमच्या एलपींच्या पाकिटांवर सापडेल.

त्या काळच्या गाण्यांच्या शेवटी कलाकार स्वतःचं नाव मोठ्याने सांगायचे. गौहरजानचं "माय नेम इज गौहरजान" प्रसिद्धच आहे. हॅनोवरच्या जर्मन कामगारांना हिंदी कळत नव्हतं, नाव ऐकून योग्य लेबल लावता यावं म्हणून ती सोय होती. तुमच्या तबकडीवर नाव पुसलं गेलंय ना? ती बाई शेवटी ते स्वतः सांगेल अशी शक्यता आहे.

पण तडा आहे तोवर कुठल्याही यंत्रावर लावू नका. चावीच्या ग्रामोफोनवर तर मुळीच नको, त्याच्या सुई बसवलेल्या साउंडबॉक्सचं वजन तडा उघडेल.

सांगलीकर_सुहास

माफ करा, पण एवढ्या खटाटोपाची गरज आहे का? बहुतेक गाणी यूट्यूबवर आहेत. गाणं महत्त्वाचं की लेबलावरची बारीक अक्षरं?

चावीवाले_आप्पा

सुहासराव, गाणं महत्त्वाचं, म्हणूनच हा खटाटोप. यूट्यूबवरच्या कितीतरी फिती नंतरच्या एलपीवरून किंवा कॅसेटवरून चढवलेल्या असतात. एलपी काढताना खरखर घालवायची म्हणून वरचे स्वर कापलेले. शेवटची नाव सांगण्याची ओळ अनेकदा उडवलेली. आणि वेग! सुरुवातीच्या काळात ७८ फेऱ्या हे प्रमाण पक्कं झालेलं नव्हतं. कुठे सत्तरच्या आसपास, कुठे त्याहून जास्त. ती तबकडी डोळे मिटून ७८ वर फिरवली की गायकाची पट्टी चढते, तानांची गती वाढते, आणि आपण म्हणतो, "काय तयारी होती!" तयारी होतीच, पण आपण ऐकतो ती त्यांची नसते.

पहिल्या दाबाची प्रत समोर असेल तर निदान परत तपासायला जागा राहते. नाट्यगायक भाऊराव कोल्हटकर १९०१ साली गेले, गैसबर्ग १९०२ साली आला. थोडक्यात तो आवाज हुकला. जे हुकलं नाही ते तरी नीट ऐकू या, एवढीच माझी धडपड आहे.

सांगलीकर_सुहास

वेगाचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. पटलं. आता धागा वाचत राहतो.

थेम्सकाठचा_नंदू

मुक्ताताई, मी लंडनच्या पश्चिमेला राहतो, हेजपासून जवळ. एचएमव्हीचा, म्हणजे त्याच ग्रामोफोन कंपनीचा, पुढे ईएमआयचा, मोठा कारखाना इथे होता. आज तिथे घरं आणि कचेऱ्या झाल्यात, पण वसाहतीला नाव 'ओल्ड व्हिनाइल फॅक्टरी' असंच ठेवलंय. इथल्या संग्राहकांकडून जे शिकलो ते सांगतो, म्हणजे कोऱ्या पट्टीत काय बघायचं ते कळेल.

तबकडी एका झटक्यात तयार होत नाही. मूळ मुद्रणावरून धातूचा उलटा ठसा काढतात. त्याच्यावरून सुलटी 'आई', इथे 'मदर'च म्हणतात. आईवरून पुन्हा उलटा साचा, म्हणजे 'स्टँपर'. हा साचा गरम लगद्यावर दाबला की रेकॉर्ड. साचा झिजतो, मग त्याच आईपासून दुसरा काढायचा. म्हणून एका गाण्याला एक मूळ मुद्रण, काही आया आणि पुष्कळ साचे.

इंग्लंडमधल्या ईएमआयच्या एलपींवर हे सगळं नोंदलेलं असतं. लेबलाखाली, घड्याळात सहा वाजतात तिथे, मॅट्रिक्स नंबर, म्हणजे मूळ मुद्रणाचा क्रमांक. नऊच्या जागी आईचा आकडा. तीनच्या जागी साच्याचा नंबर, पण तो अक्षरांत. 'ग्रामोफ लिमिटेड' या नावातून दहा अक्षरं घेतली आहेत: जी म्हणजे १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९ आणि डी म्हणजे शून्य. तीनच्या जागी 'जीआर' दिसलं तर बारावा साचा, 'एमओ' दिसलं तर पंचेचाळिसावा. साचा जितका आधीचा तितकी ती प्रत पहिल्या खेपेच्या जवळची.

सावधगिरीची सूचना: हाच संकेत दमदमच्या प्रत्येक तबकडीवर मिळेल असं गृहीत धरू नका. इंग्रजी संगीताच्या बऱ्याच रेकॉर्ड दमदमला इंग्लंडहून आलेल्या धातूवरून दाबल्या गेल्या, त्यांच्यावर मॅट्रिक्स इकडचाच दिसतो. बीटल्सच्या पार्लोफोन या ईएमआयच्याच लेबलवरच्या भारतीय प्रती म्हणूनच इथे शोधल्या जातात. त्यातही ७८ च्या, डीपीई नंबरवाल्या, लाखेच्या. इथे ७८ बंद पडून वर्षं लोटली होती, पण आपल्याकडे गावोगावी वीज नव्हती, चावीचे ग्रामोफोन चालू होते, म्हणून बीटल्सही लाखेवर निघाले. एका इंग्रज म्हाताऱ्याने मला त्यातली एक दाखवली तेव्हा लेबलावरचं दमदम वाचून मला भरून आलं होतं.

पेठेतली_प्राजक्ता

नंदू, 'आई' आणि 'साचा' वाचून पहिल्यांदा चित्र डोळ्यांपुढे आलं. माझी एक शंका. जुन्या बाजारात रविवारी एक रेकॉर्ड मिळाली. तिला कागदाचं लेबलच नाही, अक्षरं तबकडीतच कोरून रंगवलेली आहेत. माझ्या ग्रामोफोनवर लावली तर जवळजवळ आवाजच येत नाही, सुई घसरते. खराब आहे का?

चावीवाले_आप्पा

प्राजक्ता, ती पाथे या फ्रेंच कंपनीची असणार. लगेच उचलून ठेव, पोलादी पिन परत लावू नकोस! नेहमीच्या रेकॉर्डमध्ये सुई डावी-उजवी हलते, पाथेच्या रेषेत ती वर-खाली हलते. त्यासाठी नीलमण्याचा गोळीसारखा बिंदू लागतो. जुन्या पाथे लेबलाजवळून सुरू होऊन बाहेर कडेकडे वाजत जातात. तुझी रेकॉर्ड खराब नाही, तुझं यंत्र तिच्यासाठी नाही एवढंच.

मिरजेची_मुक्ता

आता बालगंधर्वांच्या दोन रेकॉर्डचं सांगा ना. दोन्हींवर एचएमव्हीचा कुत्रा आहे. झिजलेलीवर कंपनीच्या नावात 'इंडिया' नाही, चकचकीतवर आहे.

चावीवाले_आप्पा

छान निरीक्षण. कुत्र्याचं चित्र इंग्लंडमध्ये लेबलावर आलं १९०९ साली. आपल्याकडच्या तबकड्यांवर देवदूत त्यानंतरही काही वर्षं टिकला, म्हणजे कुत्रा आहे याचा अर्थ त्या पहिल्या पिढीनंतरच्या. आणि भारतातली कंपनी वेगळी नोंदली गेली १९४६ साली. तेव्हा कंपनीच्या नावातच 'इंडिया' असलेली तुमची चकचकीत प्रत त्यानंतर दाबलेली. 'मेड इन इंडिया' या शब्दांवर जाऊ नका, ते आधीही असायचे. कंपनीचं नाव बघायचं.

आता अंधाऱ्या खोलीत जा, टॉर्च तबकडीला जवळजवळ समांतर धरा आणि कोऱ्या पट्टीतलं सगळं, अगदी एकेक खूण, उतरवून घ्या. मॅट्रिक्स नंबरच्या पुढे एखादा छोटा आकडा असेल. तो 'टेक'चा, म्हणजे कितव्यांदा गाऊन घेतलेलं मुद्रण ते. दोन प्रतींचे टेक वेगळे निघाले तर ती दोन वेगळी गाणी समजा! कॅटलॉग नंबर एकच, लेबल सारखं, पण आत गायक दोन वेळा गायलेला. माझ्याकडे एका पदाच्या अशा दोन प्रती आहेत. एकीत अंतऱ्यावर साधी मींड, दुसरीत त्याच जागी छोटी फिरत. लेबल बघून एक विकून टाकली असती तर ती फिरत गेली असती.

नंबरमागे छोटा त्रिकोण किंवा चौकोन आहे का तेही बघा. एचएमव्हीवर त्रिकोण म्हणजे वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या पद्धतीचं विजेवरचं मुद्रण, म्हणजे १९२५ नंतरचं. चौकोन म्हणजे कंपनीची स्वतःची पुढची पद्धत, १९३१ पासूनची. कुठलीच खूण नसेल तर भोंग्यात गाऊन घेतलेलं असू शकतं.

मिरजेची_मुक्ता

बघितलं! नवऱ्याने टॉर्च धरला, मी वाचलं. दोन्हींचा मॅट्रिक्स एकच, टेकही एकच. त्रिकोण किंवा चौकोन दोन्हींवर नाही. पण चकचकीत रेकॉर्डवर नंबरापुढे 'टी १' आहे. झिजलेलीवर ते नाही.

थेम्सकाठचा_नंदू

आप्पा, हे तर ट्रान्सफर!

चावीवाले_आप्पा

होय. मुक्ताताई, ईएमआयच्या पद्धतीत 'टी' म्हणजे ट्रान्सफर. मूळ धातू झिजला किंवा खराब झाला की जुनी तबकडी वाजवून तिच्यावरून नवीन मुद्रण उतरवायचे आणि त्याचे साचे करायचे. म्हणजे तुमची चकचकीत प्रत ही नकलेवरून दाबलेली आहे. झिजलेली आहे ती गंधर्वांनी भोंग्यासमोर उभं राहून जे गायलं त्याच मुद्रणाच्या वंशातली, मध्ये दुसरी तबकडी न वाजवता.

बाजारात उलटं होतं. चकचकीतला भाव, झिजलेली फुकट. मलाही एकदा एका विक्रेत्याने 'पहिलं प्रेसिंग' म्हणून चांगल्या पैशांना अशीच ट्रान्सफर दिली होती, घरी येऊन टॉर्च धरला तेव्हा कळलं. तेव्हापासून खिशात टॉर्च असतो.

दोन्ही ठेवा. झिजलेली रेकॉर्ड पोलादी पिनेवर रोज वाजवू नका. हलक्या टोनआर्मवर, म्हणजे सुईच्या दांड्यावर, ७८ साठीच्या जाड सुईने, एकदाच नीट वाजवून संगणकावर घ्या. एलपीची सुई बारीक असते, ती लाखेच्या रुंद रेषेच्या तळाशी जाऊन नुसता कचरा वाजवते. आणि पुष्कळदा जुन्या पोलादी पिनांनी रेषेचा एक थर झिजवलेला असतो. सुईची जाडी बदलून पाहिली तर तिचं टोक न झिजलेल्या थराला टेकतं आणि आवाज अचानक उघडतो. मी हा अनुभव अनेकदा घेतलाय.

मिरजेची_मुक्ता

आणि खाँसाहेब?

चावीवाले_आप्पा

मिरजेच्या माणसाने हे विचारावं, बरं वाटलं.

खाँसाहेबांनी दोन काळांत रेकॉर्ड दिल्या. एक १९०५ च्या सुमारास, 'टाइपरायटर'वाल्या कंपनीला. मग जवळजवळ तीस वर्षांनी ओडियनला, १९३४ पासून. १९३७ साली पाँडिचेरीच्या वाटेवर ते गेले, म्हणजे ओडियनच्या रेकॉर्ड हे शेवटच्या दोनतीन वर्षांतलं गाणं. लेबलावर घुमटाची इमारत असेल बघा. तोवर ओडियन, कोलंबिया, एचएमव्ही सगळ्या ईएमआयच्या एकाच घरात आलेल्या होत्या, म्हणूनच पुढे ही ध्वनिमुद्रणं एलपीवर निघू शकली.

तुमची ७८ ही मूळ आवृत्ती. एलपी तिच्यावरून केलेलं संकलन. एलपीच्या नंबराची सुरुवातीची अक्षरं बघा. भारतीय एचएमव्हीने इंग्लंडच्या मालिकांना 'ई' जोडून आपल्या मालिका केल्या. तिकडची एएलपी ती इकडे ईएएलपी, सीएलपीची ईसीएलपी, स्टीरिओच्या एएसडीची ईएएसडी. कोलंबियाचं ३३एसएक्स झालं ३३ईएसएक्स. १९३० च्या दशकातल्या गाण्याला स्टीरिओची अक्षरं दिसली तर समजायचं की दोन बाजू नंतर कृत्रिमपणे केल्यात.

एलपी टाकू नका. आईंना ऐकवायला ती बरी. पण ७८ ऐकताना खाँसाहेबांचा स्वर जिथे टेकतो आणि मागे तंबोरा भरून राहतो, ती पोकळी एलपीत थोडी मिटलेली वाटते. हे माझ्या कानाचं मत.

सांगलीकर_सुहास

मी काल माझ्या मामांकडे गेलो होतो. त्यांच्याकडे 'यंग इंडिया' नावाच्या सात रेकॉर्ड आहेत. हे काय प्रकरण?

चावीवाले_आप्पा

सुहासराव, तुम्ही आता आमच्यातले झालात! यंग इंडिया ही मुंबईची देशी कंपनी, १९३५ साली निघाली, पंचावन्नच्या सुमारास बंद पडली. मोठ्या कंपन्यांकडे करारात न अडकलेल्या, नवख्या कलाकारांची गाणी तिने घेतली. त्यातले कितीतरी आवाज दुसरीकडे कुठेच नाहीत. ईएमआयचे संकेत तिथे लावू नका. सातही तबकड्यांचे नंबर, दोन्ही बाजूंची नावं आणि कोऱ्या पट्टीतलं सगळं लिहून घ्या. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे, अशा याद्यांची त्यांना कदर आहे.

मिरजेची_मुक्ता

अपडेट देते. व्यापाऱ्याला नाही म्हणून सांगितलं. ४१ च्या ४१ रेकॉर्डची यादी वहीत झाली, टॉर्चसकट. चारांवर त्रिकोण, अकरांवर चौकोन.

हॅनोवरची तबकडी पुण्यातल्या एका अनुभवी संग्राहकांकडे नेली. त्यांनी तडा मागून टेकू देऊन बसवला आणि अगदी हलक्या आर्मवर एकदाच वाजवली. प्रत्येक फेरीला टक् असा आवाज येतो, पण गाणं शेवटपर्यंत निघालं. ७८ वर आवाज लहान मुलीसारखा येत होता, त्यांनी वेग कमी करत आणला तेव्हा बाई गायला लागल्या. गाणं संपलं आणि दोन शब्द बोलल्या. दुसरा 'बाई' आहे. पहिला नेमका टक् च्या खाली जातोय.

आप्पा, फाईल तुम्हाला पाठवलीय.

चावीवाले_आप्पा

मिळाली. वीसेक वेळा ऐकलं. पहिलं अक्षर 'अं' आहे असं वाटतंय, पुढचं लागत नाही. नंदू, तुझ्याकडे टक् काढायचं सॉफ्टवेअर आहे ना? पण मूळ फाईल तशीच ठेव, प्रतीवर काम कर. मुक्ताताई, कोऱ्या पट्टीतला मॅट्रिक्स नंबर परत एकदा वाचा. शेवटचा आकडा तीन आहे की आठ?

मिरजेची_मुक्ता

आता टॉर्च लावून बघितलं. आठ.